पाणी, चाक आणि पाऊल : नवख्याची पहिली ट्रायथलॉन

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन क्रीडाप्रकारांची सलग, मध्ये विश्रांती न घेता पार पाडावयाची शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. हा क्रीडाप्रकार फार जुना नाही. अमेरिकेतील सॅन दिएगो या शहरी मिशन बे या उपसागराच्या काठी २५ सप्टेंबर १९७४ रोजी सायंकाळी या नावाची पहिली शर्यत भरविण्यात आली. तेथील धावपटूंच्या मंडळाचे सभासद जॅक जॉनस्टोन व डॉन शॅनाहन हे तिचे संयोजक होते आणि ४६ स्पर्धक सुरुवातीस उभे राहिले. आज ही शर्यत म्हणजे पोलादी स्नायूंच्या निवडक वीरांचे काम, असा समज रूढ झाला आहे. त्या सायंकाळी मात्र सारेच नवखे होते. त्यांच्यापैकी बहुतेक धावणारे गडी होते आणि पाण्याशी त्यांचा परिचय बेताचाच होता.

त्या शर्यतीत धाव व सायकल आधी आणि पोहण्याचे टप्पे शेवटाकडे ठेवलेले होते. परिणामी मागे पडलेल्या स्पर्धकांवर थकल्या अंगाने काळोखात पाण्यात उतरण्याची वेळ आली आणि त्यांना दिशा दिसावी म्हणून काठावर मोटारी उभ्या करून त्यांचे दिवे पाण्यावर सोडावे लागले. पुढे पोहणे प्रथम ठेवण्याची पद्धत पडली, तिच्यामागे साधा विचार आहे. दमलेला सायकलस्वार रस्त्याच्या कडेला थांबू शकतो, दमलेला धावणारा चालू लागतो. दमलेल्या पोहणाऱ्याला मात्र थांबायला जागा नसते.

या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नावाचे अमेरिकी नौदलातील एक अधिकारी होते. पुढे हवाई बेटांवर त्यांची नेमणूक असताना १९७७ साली एका बक्षीस समारंभात पोहणारा, धावणारा आणि सायकलस्वार यांपैकी अधिक दमदार कोण, असा वाद निघाला. ओआहू बेटावरील तीन स्वतंत्र दीर्घ स्पर्धांची अंतरे एकत्र जोडून त्याचा निकाल लावावा, अशी कल्पना कॉलिन्स यांनी मांडली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण समुद्रात उतरले आणि १२ जणांनी ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल व ४२.२ किलोमीटर धाव ही अंतरे पुरी केली. गॉर्डन हॅलर हे ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिले आले. 'आयर्नमॅन' हे नाव येथूनच रूढ झाले. जॉन डनबार हे बराच काळ आघाडीवर होते, परंतु त्यांच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले, त्यांनी बिअर पाजली आणि डनबार दुसरे आले. शर्यतीत काय प्यावे हा प्रश्न इतका जुना आहे!

पुढे २००० साली सिडनी येथील ऑलिंपिकमध्ये या क्रीडाप्रकारास स्थान मिळाले. कॅनडाचे सायमन व्हिटफील्ड आणि स्वित्झर्लंडच्या ब्रिजिट मॅकमॅहन हे तेथील पहिले विजेते होत. दिव्यांग खेळाडूंसाठी २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकपासून ही स्पर्धा सुरू झाली.

आपल्याकडे या शर्यतीचे नाव सर्वतोमुखी झाले ते २०१५ साली. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना झुरिच येथील पूर्ण अंतराची आयर्नमॅन स्पर्धा पार केली, तेव्हा कार्यालयांतून व शिक्षकांच्या खोल्यांतून तिची चर्चा झाली. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅनच्या निम्म्या अंतराची शर्यत भारतात प्रथमच भरली. कोल्हापूरच्या राजाराम तलावातही गेल्या काही वर्षांत ट्रायथलॉन झालेल्या आहेत. चाळिशी ओलांडलेले अनेक नोकरदार या ओढीने पोहणे शिकू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पहिल्याच खेपेस १९०० मीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर धाव असा निम्मा आयर्नमॅन अंगावर घेण्याची जी चढाओढ दिसते, ती प्रस्तुत लेखकास पसंत नाही. नवख्यासाठी 'स्प्रिंट' नावाची शर्यत आहे : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धाव. सामान्य प्रकृतीच्या माणसास तिला दीड ते दोन तास लागतात. ऑलिंपिकमधील अंतरे तिच्या बरोबर दुप्पट आहेत.

धोका कोठे आहे?

अमेरिकेतील ट्रायथलॉन शर्यतींत १९८५ ते २०१६ या काळात झालेले मृत्यू व हृदय बंद पडण्याचे प्रसंग यांचा अभ्यास तेथील वैद्यकीय संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. असे एकूण १३५ प्रसंग त्यांना आढळले. लाखामागे पावणेदोन इतके हे प्रमाण थोडेच म्हणावे लागेल, परंतु त्याची वाटणी विचार करावयास लावणारी आहे. १३५ पैकी ९० प्रसंग पोहण्याच्या टप्प्यात घडले. बाधितांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते व त्यांत ८५ टक्के पुरुष होते. साठीच्या पुढील पुरुषांत धोका कितीतरी अधिक आढळला. ज्यांचे शवविच्छेदन झाले, त्यांपैकी अनेकांच्या हृदयात पूर्वीपासूनचे दोष होते. पोहण्याचा टप्पा हा तिन्हींत सर्वांत कमी वेळाचा असूनही दोन तृतीयांश संकटे तेथेच ओढवतात, हे ध्यानी घेतले म्हणजे तयारीचा भर कोठे हवा हे सांगावे लागत नाही. चाळिशीनंतर या वाटेस जाणाऱ्याने आधी रक्तदाब व हृदय यांची तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण येणे, चढावर अवाजवी धाप लागणे किंवा घेरी येणे ही लक्षणे असल्यास डॉक्टरांच्या अनुमतीवाचून सरावही सुरू करू नये.

ग्रामीण भागातील वाचक म्हणतील, पोहणे आम्हांस नवे नाही. पाठीला सुके भोपळे बांधून विहिरीत पोहणे शिकलेली पिढी अद्याप हयात आहे, आणि खोल पाण्याची भीती मोडण्यास त्यासारखी शाळा नाही हेही खरे. परंतु विहिरीतील पोहणे म्हणजे सूर, मुटका, बुडी आणि चार हात मारून काठ गाठणे. तेथे डोके पाण्यावर ठेवून पोहण्याची सवय लागते. तशा पद्धतीने शंभर मीटर जाता येते. साडेसातशे मीटर जाताना मान आखडते, पाय खाली जातात आणि दम तुटतो. म्हणून चेहरा पाण्यात ठेवून, श्वास पाण्यातच नाकातोंडाने संथपणे सोडून, बाजूस मान वळवून घेण्याची रीत प्रथम पक्की करावी. धाप लागते ती बहुधा श्वास घ्यावयास मिळत नाही म्हणून नव्हे, तर आतला पुरता सोडला जात नाही म्हणून. पंचवीस मीटरच्या तलावात तीस फेऱ्या न थांबता झाल्या म्हणजे अंतर साधले असे समजावे.

तरीही तलाव म्हणजे खुले पाणी नव्हे. तलावात तळाशी रेघ असते, हाताशी कठडा असतो. धरणाच्या वा समुद्राच्या पाण्यात आपलाच हात दिसत नाही, शेजाऱ्याची लाथ बसते, लाट तोंडात जाते आणि शर्यतीच्या घाईने श्वास आधीच वाढलेला असतो. घाबरगुंडी उडते ती पहिल्या दोनशे मीटरांत. यास उपाय एकच, आणि तो शर्यतीपूर्वीच शिकावयाचा : उताणे होऊन पाण्यावर स्वस्थ तरंगणे. पाच मिनिटे असे तरंगता येईपर्यंत नावनोंदणी करू नये. शर्यतीत जीव घाबरा झाल्यास पाठीवर व्हावे, हात उंच करावा. नाव किंवा तरंगता खुणेचा गोळा धरून विसावा घेण्यास नियमांची मनाई नाही, केवळ त्याच्या आधाराने पुढे सरकता येत नाही. गर्दीच्या मागे, कडेने सुरुवात करावी. दर आठ-दहा हातांनी क्षणभर मान वर करून दिशा पाहावी. खुणेचा गोळा लाटेआड गेला तर त्यामागचे उंच झाड किंवा देवळाचे शिखर हेरून ठेवलेले असावे. खुल्या पाण्याचा सराव एकट्याने कदापि करू नये.

चाक आणि पाऊल

उरलेल्या दोन टप्प्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. महागडी सायकल लागत नाही. ब्रेक पक्के, टायर भरलेले आणि बैठक आपल्या उंचीची असली म्हणजे साधी सायकलही चालते. हेल्मेट मात्र सक्तीचे आहे. पाण्यातून आल्यावर स्पर्धक राखून ठेवलेल्या जागी पोशाख व साधने बदलतो. तेथे सायकलीस हात लावण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा बांधलेला असावा लागतो आणि आखलेल्या रेषेपलीकडेच सायकलीवर बसता येते. हौशी गटात पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने वारा चुकविणे सहसा नियमबाह्य मानले जाते.

सायकलीवरून उतरून धावू लागताच पाय परक्याचे असल्यासारखे जड होतात. हा अनुभव सर्वांचाच आहे आणि दहा मिनिटांत तो ओसरतो. त्याची सवय व्हावी म्हणून आठवड्यातून एकदा सायकल फेरीनंतर लगेच एक-दोन किलोमीटर धावावे. पोहता येणाऱ्यास बारा आठवड्यांची तयारी पुरते : आठवड्यात तीन वेळा पोहणे, दोनदा सायकल, दोनदा धाव आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. शेवटच्या आठवड्यात मेहनत निम्म्यावर आणावी. शर्यतीच्या सकाळी नेहमीचाच हलका नाश्ता दोन-अडीच तास आधी घ्यावा. मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी सायकलीवर घोट घोट घ्यावे. नवे बूट आणि नवे खाद्य त्या दिवशी वर्ज्य.

स्थानिक शर्यती भरविताना

शाळा, तरुण मंडळे किंवा ग्रामपंचायती यांच्याकडे अशा शर्यतीची कल्पना घेऊन कोणी आल्यास रस्ता व बक्षिसे यांआधी पाण्याची चौकशी व्हावी. जलाशयाच्या मालकीच्या खात्याची लेखी परवानगी, गाळ व जलपर्णी नसलेला आखलेला मार्ग, नावांवर जीवरक्षक, काठावर डॉक्टर व रुग्णवाहिका यांवाचून पोहण्याचा टप्पा ठेवू नये. ते जमत नसेल तर धाव-सायकल-धाव अशी शर्यत घेता येते, तिला ड्युएथलॉन म्हणतात, आणि तीही कमी कस पाहणारी नाही. पोहण्याचा टप्पा ठेवल्यास प्रत्येकास ठळक रंगाची क्रमांकित टोपी द्यावी. पाण्यात उतरणाऱ्यांची मोजणी एकाने आणि बाहेर येणाऱ्यांची दुसऱ्याने करावी; मध्येच नावेत घेतलेल्यांची नोंद तिसऱ्याकडे असावी. हे आकडे जुळल्याची सही होईपर्यंत एकही नाव काठाला लावू नये, मग सायकलीच्या मार्गावर कितीही गडबड चाललेली असो.