इंटरनेटच्या कारभारात सामान्यांचा आवाज

संकेतस्थळाचा पत्ता टाइप केला की आपला संगणक प्रथम त्या नावाशी जोडलेला क्रमांक शोधतो आणि मग त्या क्रमांकाच्या यंत्राशी संपर्क साधतो. एकच नाव जगात दोघांना दिले गेले, तर कोणाचे पत्र कोणाकडे जाईल याचा नेम राहणार नाही. म्हणून नावे व क्रमांक यांच्या वाटपात मेळ घालण्यासाठी १९९८ साली अमेरिकेत आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तिच्या नियमांवर नावे विकणाऱ्या कंपन्या आणि निरनिराळी सरकारे यांचे बारीक लक्ष असते. पण नुसता पत्ता टाइप करणाऱ्या माणसाची बाजू कोणी मांडायची?

याचे सर्वात सरळ उत्तर म्हणजे मतदान. आयकॅनने २००० साली ते करून पाहिले. जगाचे पाच विभाग पाडून प्रत्येकातून एक संचालक निवडण्यात आला. मतदान इंटरनेटवरूनच झाले आणि सुमारे ३४ हजार मते पडली. त्या वेळी इंटरनेट वापरणारे होते अंदाजे ३६ कोटी. म्हणजे मत देणारा दहा हजारांत जेमतेम एक! शिवाय एकाच माणसाने दोन नावांनी नोंदणी केली नाही ना, हे तपासणेही सोपे नव्हते.

निवडून आलेल्यांची वाटही सोपी नव्हती. उत्तर अमेरिकेचे प्रतिनिधी कार्ल ऑवरबाख यांना संस्थेचे दप्तर पाहण्यासाठी न्यायालयात जावे लागले. २००२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण त्याच वर्षी आयकॅनने थेट निवडणुकीची पद्धत मोडीत काढली.

तिच्या जागी १५ जणांची सल्लागार समिती आली. पाच विभागांतील वापरकर्त्यांच्या संघटना प्रत्येकी दोन सदस्य पाठवतात. उरलेले पाच एक नामनिर्देशन समिती निवडते. समितीच्या सल्ल्याचा विचार संचालकांना करावा लागतो. तो मानलाच पाहिजे असे मात्र नाही. २०१० पासून मताचा अधिकार असलेला एक संचालकही या वापरकर्त्यांच्या गटातून निवडला जातो.

असा आवाज नेमका कशासाठी हवा, ते मराठीच्याच उदाहरणाने पाहू. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. दुसऱ्या शब्दासाठी संगणकाला 'ऱ' हे वेगळे अक्षर लागते. हिंदीला त्याची गरज भासत नाही. इंटरनेटवरील नावांत देवनागरीची कोणती अक्षरे चालतील हे ठरवताना मराठी जाणणारे कोणीच नसेल, तर ते सहज गळून जाईल. त्यात कोणाचा दुष्ट हेतू असण्याची गरज नाही. सांगणारा नसला की एवढे पुरते.

मतपेटीने कोट्यवधींचे प्रतिनिधित्व साधले नाही, आणि १५ जणांची समितीही ते पूर्णपणे साधते असे म्हणता येणार नाही. मात्र या समितीमागच्या संघटनांत सामील होण्यासाठी संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही. आपल्या भाषेची आणि रोजच्या अडचणींची जाण असलेला शिक्षकही तेथे उपयोगी ठरू शकतो.