विश्लेषण : ऑफिसची खुर्ची कारखान्यात का चालत नाही? ‘ॲडजस्टेबल’ खुर्ची नेमकी घडते कशी?

आयटी कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसणारा कर्मचारी आणि बारामती किंवा सोलापुरात तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी कामगार यांच्या कामाचे तास जवळपास सारखेच. पहिल्याला लिव्हर, चाके, हात टेकायची सोय असलेली खुर्ची मिळते. दुसरीच्या वाट्याला बहुतेकदा लाकडी बाकडे किंवा स्टूल येते, आणि त्यावर तिनेच घरून आणलेली उशी. ‘अर्गोनॉमिक’ हा शब्द आता ऑनलाइन विक्रीच्या प्रत्येक खुर्चीला चिकटवला जातो. पण शरीराला जुळवून घेणारी खुर्ची बनवायची म्हणजे नेमके काय करायचे, आणि एकच खुर्ची दोघांना का चालत नाही?

सरासरी माणसासाठी खुर्ची का बनवता येत नाही?

कारण सरासरी माणूस अस्तित्वातच नसतो. याचा गाजलेला पुरावा अमेरिकी हवाई दलाने दिला. विमानाचे कॉकपिट सरासरी मापांवर बेतलेले होते. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, बाहीची लांबी अशी दहा मापे घेतली आणि या दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती, हे मोजले. १९५२च्या अहवालातले उत्तर होते : एकही नाही. तेव्हापासून आसने मागेपुढे सरकवता येणारी करण्यावर भर आला. आज मोटारीची सीट सरकते त्यामागे हाच विचार आहे.

त्यामुळे खुर्चीचा आराखडा करणारा सरासरी बघत नाही, दोन टोके बघतो. शंभर जणांना उंचीप्रमाणे रांगेत उभे केले, तर सुरुवातीचे पाच आणि शेवटचे पाच सोडून उरलेल्या नव्वदांना खुर्ची जुळली पाहिजे, असा साधारण संकेत असतो. ही टोके किती लांब असतात? अमेरिकी लष्कराच्या १९८८च्या मोजणीत तळपायापासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची उंची बुटक्या स्त्रियांच्या टोकाला सुमारे ३५ सेंमी, तर उंच पुरुषांच्या टोकाला सुमारे ४८ सेंमी भरली. म्हणजे १३ सेंमीचा फरक, एकाच सीटने भरून काढायचा.

भारतीय शरीरांची मापे वेगळी आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय शरीरमापांवरील पुस्तक १९९७मध्ये प्रसिद्ध केले आणि आजही डिझाइनचे विद्यार्थी ते उघडून बसतात. पण बाजारातल्या अनेक खुर्च्यांचे आराखडे किंवा सुटे भाग बाहेरच्या मापांवर बेतलेले असतात. त्याचा फटका कोणाला बसतो, हे पुढच्या हिशेबात दिसेल.

उंचीचा लिव्हर एवढा महत्त्वाचा का?

समजा, दीड मीटर उंचीची एक कर्मचारी आहे. तिच्या तळपायापासून गुडघ्यामागपर्यंतची उंची साधारण ३७ सेंमी धरू. चपलेचे दोन मिळवले तर ३९. तिच्यासाठी सीट याच उंचीवर हवी. बाजारातल्या बऱ्याच खुर्च्या खाली आणून आणून ४२ ते ४५ सेंमीपर्यंतच येतात. म्हणजे लिव्हर शेवटपर्यंत दाबूनही टाचा जमिनीला टेकत नाहीत.

आता टेबल. ते साधारण ७५ सेंमी उंच असते आणि बहुतेक ठिकाणी हलत नाही. ३९ सेंमीच्या सीटवर बसल्यावर तिचे कोपर जमिनीपासून जेमतेम ६० सेंमीवर येते. टेबल त्याहून १५ सेंमी वर. टाइप करायचे तर खांदे उचलून धरावे लागतात, दिवसभर. संध्याकाळी मान आणि खांदे भरून येतात ते यामुळे. यावर उपाय म्हणून खुर्ची वर घेतली, तर हात टेबलाला जुळतात पण पाय अधांतरी लटकतात. सीटची पुढची कड मांडीखाली रुतते आणि पायाला मुंग्या येतात. खुर्चीवर एक पाय दुमडून घेण्याची आपल्याकडची सवय अनेकदा ‘वळण नसल्या’च्या खात्यात टाकली जाते. खरे तर त्यातला बराच भाग न पोहोचणाऱ्या जमिनीचा असावा.

या कोड्याचे सर्वांत स्वस्त उत्तर खुर्चीत नाही. सीट टेबलाच्या मापाने वर घ्यायची आणि पायाखाली १५ सेंमीचा तिरका लाकडी पाट द्यायचा. कोणताही सुतार तो अर्ध्या दिवसात करून देईल. उंच माणसाची अडचण कमी असते : १७८ सेंमीच्या पुरुषाचे कोपर ७० सेंमीच्या आसपास येते, टेबल थोडेसेच वर राहते. नेहमीचे टेबल त्याच्याच मापाचे आहे, असे म्हटले तरी चालेल.

बसल्यावर पाठीचे काय होते?

उभे असताना कंबरेपाशी पाठीचा कणा आत वळलेला असतो. बसताना मांड्या वर येतात, मांडीमागचे स्नायू कटीचे हाड मागे ओढतात आणि हा बाक सपाट होतो. अमेरिकी डॉक्टर जे. जे. कीगन यांनी १९५३मध्ये क्ष-किरण प्रतिमांवरून हे दाखवले. धड आणि मांडी यांच्यातला कोन काटकोनाहून बराच मोठा, साधारण १३५ अंशांचा असतो, तेव्हा कंबरेचा बाक नैसर्गिक राहतो, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणजे शाळेत शिकवलेले ‘नव्वद अंशात ताठ बसा’ कण्याला फारसे मानवत नाही.

मणक्यांमधल्या चकत्यांवर बसल्याने किती दाब येतो, यावर मात्र मतभेद आहेत. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांच्या मोजमापांनुसार आधाराविना बसल्यास उभे राहण्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त दाब येतो. हा आकडा इतका पसरला की खुर्चीच्या प्रत्येक जाहिरातीत तो डोकावतो. १९९९मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी चकतीत थेट संवेदक बसवून पुन्हा मोजले. उभे असताना ०.५० मेगापास्कल, सैल बसल्यावर ०.४६, पुढे पूर्ण वाकून बसल्यावर ०.८३ आणि खुर्चीत मागे रेलून बसल्यावर ०.२७. प्रयोग एकाच स्वयंसेवकावर होता, त्यामुळे तोही शेवटचा शब्द मानता येत नाही. पण दोन्ही प्रयोगांतून एक गोष्ट जुळते : आधाराशिवाय पुढे वाकून बसणे कंबरेला सर्वांत महाग पडते, आणि पाठ टेकली की भार उतरतो.

म्हणूनच चांगल्या खुर्चीची पाठ कंबरेच्या बाकात भरते, तिची उंची बदलता येते आणि ती रेलल्यावर सोबत येते. फक्त पाठ मागे गेली तर बसणारा सीटवरून पुढे घसरतो आणि शर्ट वर ओढला जातो. त्यामुळे सीटही थोडी कलावी लागते, पाठ दोन अंश तर सीट साधारण एक अंश. सीटची खोलीही मागेपुढे करता यायला हवी. पाठ टेकल्यावर सीटची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटे मावली पाहिजेत. नाही मावली तर माणूस पाठ सोडून पुढे सरकून बसतो आणि मग ती महागडी पाठ शोभेपुरती उरते. बिल स्टंफ आणि डॉन चॅडविक यांनी हर्मन मिलरसाठी केलेली, १९९४मध्ये बाजारात आलेली ‘एरॉन’ खुर्ची जाळीमुळे गाजली. तिची तितकीच शहाणी गोष्ट म्हणजे ती लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांत आली, चपलेसारखी.

सीटखाली काय असते?

एक बंद नळकांडे, त्यात दाबाने भरलेला नायट्रोजन आणि दोन कप्प्यांमधली एक झडप. लिव्हर दाबला की झडप उघडते. आपण उठलो तर वायू दट्ट्या वर ढकलतो, बसलो तर वजनाने सीट खाली येते. लिव्हर सोडला की झडप बंद. खुर्ची आपोआप हळूहळू खाली बसू लागली तर नळकांडे गळते आहे असे समजावे आणि ते बदलून घ्यावे. उघडून बघण्याचा उद्योग करू नये, आत दाब असतो.

तळाला पाच पाय असतात ते सुबकतेसाठी नव्हे. चार पायांच्या तळावर दोन पायांच्या मधल्या दिशेने कलल्यास आधाराची कड केंद्रापासून पायाच्या लांबीच्या ७१ टक्के अंतरावर असते. पाच पाय असतील तर ती ८१ टक्क्यांवर जाते. उलटण्याचा धोका तेवढा कमी. चाकांचेही तसेच : कडक चाके गालिच्यासाठी, मऊ आवरणाची चाके फरशीसाठी. आपल्याकडे सगळीकडे फरशी, आणि खुर्च्यांना मात्र बरेचदा कडक नायलॉनची चाके.

मग शिलाई मशीनवर हीच खुर्ची का नको?

कारण तिथले काम शरीराला पुढे ओढते. सुईखालची शिलाई दिसण्यासाठी मान झुकते, एक पाय पेडलवर असतो आणि औद्योगिक मशीनमध्ये सुईजवळची दाबपट्टी उचलायला गुडघ्याने एक दांडा दाबावा लागतो. या बैठकीत ऑफिसच्या खुर्चीच्या सोयी अडचणी होतात. चाके असतील तर पेडल दाबताच खुर्ची मागे पळते. हाताचे दांडे टेबलाला अडकतात आणि कापड धरू देत नाहीत. मागे रेलणारी पाठ निरुपयोगी, कारण रेलायची संधीच नसते.

इथे हवी ती अशी खुर्ची : चाके नसलेली, सीट किंचित पुढे कलणारी किंवा पुढची कड उतरती, म्हणजे मांड्या खाली जातात आणि कीगन यांनी सांगितलेला कोन मोकळा होतो. पाठीचा आधार छोटा, फक्त कंबरेपुरता, पण बसणारी पुढे झुकली तरी तिच्या मागोमाग येणारा. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कपडे कारखान्यांत मान-खांदे दुखणाऱ्या २७७ शिलाई कामगारांवर चार महिने अभ्यास झाला, तो २००७मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सपाट सीटची, काहींना वक्र सीटची उंची बदलणारी खुर्ची दिली. तिसऱ्या गटाला खुर्चीऐवजी फक्त किरकोळ उपयोगी वस्तू मिळाल्या. या तिसऱ्या गटाच्या तुलनेत खुर्ची मिळालेल्यांचे दुखणे कमी झाले आणि वक्र सीटवाल्यांचे जास्त कमी झाले. यंत्र तेच, काम तेच. मुख्य बदल बसण्याचा.

इतर उद्योगांत गरजा आणखी बदलतात. औषधांच्या पॅकिंग लाइनवर किंवा तपासणीच्या उंच टेबलाशी सीट ६०-७० सेंमीवर न्यावी लागते. तिथे पाय ठेवायला गोल कडे लागते. तेल-रसायने सांडतात तिथे कापडी गादी नको, पुसता येणारे पॉलियुरेथेन हवे. इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणीत खुर्चीतून स्थिर विद्युत जमिनीत उतरली पाहिजे, नाहीतर अंगावरच्या भाराने सर्किट जळते. उभे राहूनच करायच्या कामात अर्धवट टेकायचे उंच स्टूलही खूप काम करते.

कायदा काय सांगतो?

१९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ने उभे राहून काम करणाऱ्यांसाठी बसण्याची ‘योग्य’ व्यवस्था मालकावर बंधनकारक केली. काम बसूनही नीट होऊ शकते असे मुख्य निरीक्षकाला वाटले, तर तो तशी आसने देण्याचा लेखी आदेश काढू शकतो, अशीही तरतूद त्यात केली. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही उभ्या कामगारांसाठी बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. दुकानांत मात्र हा हक्क भांडून मिळवावा लागला. केरळमध्ये कापड दुकानांतल्या विक्रेत्या महिलांच्या आंदोलनानंतर २०१८मध्ये, आणि तमिळनाडूत २०२१मध्ये कायदा बदलून ‘बसण्याचा हक्क’ आला.

अडचण ‘योग्य’ या शब्दात आहे. भिंतीला लावलेले बाकडेही त्यात बसते. खुर्चीची मापे, मजबुती आणि सुरक्षितता यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७६३१ हे २०२२चे मानक आहे. घाऊक खरेदी करणाऱ्याने निविदेत निदान ते लिहावे.

चांगली खुर्ची आणूनही पाठ का दुखते?

बऱ्याचदा लिव्हरला कोणी हातच लावलेला नसतो. अमेरिकेत २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही कर्मचाऱ्यांना ॲडजस्टेबल खुर्ची आणि ती वापरण्याचे प्रशिक्षण दिले, काहींना नुसते प्रशिक्षण. दिवसभरात वाढत जाणारे दुखणे लक्षणीयरीत्या घटले ते पहिल्या गटात. नुसत्या व्याख्यानाने ते साधले नाही. ‘नीट बसा’ असे पोस्टर लावून मोकळे होणाऱ्या व्यवस्थापनांनी हा भाग दोनदा वाचावा.

कारखान्यात आणखी एक पेच असतो. तीन पाळ्यांत एकाच खुर्चीवर तीन माणसे बसतात. ऑफिसमधला माणूस खुर्ची वर्षातून एकदा लावतो, इथे ती दिवसातून तीनदा लावावी लागते. पीस रेटवर काम असेल, तर त्यासाठी खर्च होणारा मिनिट कामगाराच्या खिशातून जातो. म्हणून औद्योगिक खुर्चीत दहा लिव्हर देणे हा चुकीचा हव्यास ठरतो. उंची आणि पाठ ही दोनच समायोजने, हातमोजा घालूनही सापडतील एवढे मोठे दांडे आणि नळकांड्यावर कोरलेल्या आकड्यांच्या खुणा पुरतात. ‘माझा चार नंबर’ एवढे लक्षात असले की पाळी सुरू होताना दहा सेकंदांत काम होते. खुर्च्या लावण्याचा क्रमही सोपा आहे : आधी कामाच्या उंचीला कोपर, मग सीटची खोली, मग कंबरेचा आधार, आणि पाय लटकत असतील तर पाट.