राज्यपाल निवडायचा की नेमायचा?

जुलै १९४७मध्ये घटना समितीने घेतलेला एक निर्णय आज कुणाला सांगितला तर तो चटकन खरा वाटत नाही. प्रांताचा गव्हर्नर लोकांनी निवडून द्यायचा होता, तोही थेट, प्रत्येक प्रौढ माणसाच्या मताने. वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखालच्या समितीची ही शिफारस सभागृहाने मान्य केली होती. मे १९४९च्या अखेरीस त्याच सभागृहाने ती मोडीत काढली. गव्हर्नर निवडायचा नाही, राष्ट्रपतींनी नेमायचा, असं ठरलं. महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत राज्यपालांवरून जे पाहिलं, त्याची मुळं या दोन तारखांच्या मधल्या काळात आहेत.

नवा देश आपली राज्यपद्धती कशी ठरवतो, याचं शाळेतलं चित्र साधं असतं. शहाणी माणसं एकत्र बसतात, जगभरच्या घटना चाळतात आणि त्यातलं उत्तम ते उचलतात. आपल्याकडे हे काही अंशी घडलंही. घटनेचे सल्लागार बी. एन. राव १९४७च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि ब्रिटनला जाऊन तिथल्या जाणत्यांशी बोलून आले. पण त्यांच्यापुढचा कागद कोरा नव्हता. १५ ऑगस्टच्या सकाळी कलेक्टर, फौजदार, न्यायाधीश, तलाठी सगळे आपापल्या जागीच होते, आणि १९३५चा ब्रिटिश कायदा थोडे फेरफार करून हंगामी घटना म्हणून चालू होता. प्रांत, त्यांचे गव्हर्नर, केंद्र आणि प्रांतांतली विषयांची वाटणी, हे सगळं त्यात आयतं मिळालं. पुढे या कायद्यातून फार उचललं म्हणून टीका झाली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी त्याबद्दल आपल्याला मुळीच संकोच वाटत नाही, असं सभागृहात सांगितलं. घटनेच्या कल्पनांवर कुणाची मालकी नसते, हा त्यांचा मुद्दा. फक्त उसनवारी केलेला बराचसा भाग प्रशासनाच्या तपशिलाचा आहे, याची खंत त्यांनी बोलून दाखवली.

आंबेडकरांचाच प्रवास इथे बघण्यासारखा आहे. मार्च १९४७मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी वेगळाच आराखडा मांडला होता. ब्रिटिश धाटणीचं मंत्रिमंडळ भारताला मानवणार नाही, कारण इथलं बहुमत राजकीय नसून जन्माने ठरलेलं, जातीचं आणि धर्माचं असतं, हे त्यांचं निदान होतं. म्हणून पंतप्रधान एका पक्षाचा नको, सगळ्या सभागृहाने निवडलेला हवा; मंत्रिमंडळातले अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या सदस्यांनी निवडावेत; आणि मुदत संपेपर्यंत या मंत्रिमंडळाला अविश्वासाच्या ठरावाने हटवता येऊ नये. नोव्हेंबर १९४८मध्ये तेच आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून संसदीय पद्धतीची बाजू मांडत होते. स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही पुरेपूर मिळणं कठीण, अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, ब्रिटिश पद्धतीत सरकारला रोजच्या रोज जाब विचारता येतो, आणि मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, असं त्यांनी सांगितलं. याला कोलांटउडी म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: संसदीय पद्धतीचा निर्णय जून १९४७मध्येच झाला होता आणि मसुदा समिती नेमली गेली २९ ऑगस्टला. ठरलेल्या गोष्टी कलमांत बसवणं हे तिचं काम होतं. ते निवेदन लिहिणारा माणूस एका वंचित समाजाचा वकील होता, नोव्हेंबरात बोलणारा सबंध सभागृहाचा. दुसरी भूमिका त्यांनी इतक्या ताकदीने वठवली, की पहिली आपण विसरलो.

मध्ये घडलं होतं ते असं. डिसेंबर १९४६चा उद्दिष्टांचा ठराव वाचला तर तिथे केंद्र दुबळं आहे. उरलेसुरले अधिकार घटक राज्यांकडे जाणार होते. मुस्लिम लीगला सोबत ठेवण्याची ती किंमत होती. ३ जून १९४७ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि ती किंमत मोजण्याचं कारणच उरलं नाही. महिनाभरात केंद्राच्या अधिकारांबाबतच्या समितीने दुबळं केंद्र देशाला घातक ठरेल, असा अहवाल दिला. शेषाधिकार केंद्राकडे आले. त्यानंतर निर्वासितांचे तांडे, काश्मीर, गांधीजींची हत्या, हैदराबाद. आपली घटना घाईत झाली, असं कुणी म्हणणार नाही. सभागृहाने जवळजवळ तीन वर्षं घेतली. पण ती धास्तीत झाली, आणि धास्तीच्या खुणा गव्हर्नरच्या कलमांवर सर्वांत ठळक आहेत.

३० आणि ३१ मे १९४९च्या चर्चेतला मुख्य युक्तिवाद पटण्यासारखाच होता. मुख्यमंत्री लोकांच्या मतावर, गव्हर्नरही लोकांच्या मतावर, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. सबंध प्रांताने निवडून दिलेला माणूस एका मतदारसंघातून आलेल्या मुख्यमंत्र्याचं मुकाट्याने का ऐकेल? शिवाय गव्हर्नरला स्वतःचे अधिकार जवळपास नाहीतच, मग त्याच्या निवडणुकीचा खर्च कशाला, हा आंबेडकरांचा प्रश्न. नेहरूंना वेगळी काळजी होती: निवडलेला गव्हर्नर प्रांतिक अभिमानाला खतपाणी घालेल. मला विचाराल तर निवडणूक नाकारली ते बरंच झालं.

चूक पुढच्या पावलात झाली. गव्हर्नर राष्ट्रपतींची मर्जी असेतो पदावर राहणार, म्हणजे दिल्लीतल्या सरकारची मर्जी असेतो. त्यात ‘स्वविवेकाचे’ अधिकार ठेवले, आणि एखादी बाब स्वविवेकाची आहे की नाही हे ठरवणंही त्याच्याच हाती दिलं. ह. वि. कामत आणि हृदयनाथ कुंझरू यांनी १ जूनला यावर बोट ठेवलं. ते मानलं गेलं नाही. मूळ मसुद्यात गव्हर्नरने कसं वागावं याच्या सूचनांचं एक परिशिष्ट होतं. ऑक्टोबर १९४९मध्ये तेही गाळलं. संकेत आपोआप रुजतील, असा भरवसा होता. राष्ट्रपती राजवटीच्या कलमाबद्दल आंबेडकरांनी ते कधी वापरावंच लागणार नाही, अशी आशा बोलून दाखवली होती. ते आजवर शंभराहून अधिक वेळा वापरलं गेलं. महाराष्ट्रात १९८०, २०१४ आणि २०१९मध्ये.

ब्रिटिश चौकटीला पर्याय अजिबात नव्हता, असंही नाही. एक तर आपल्याच अंगणात होता. औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला घटना दिली. तिचा पाया गावपंचायत होता. गावाने पंचायत निवडायची, तिच्यातून वर तालुका, तालुक्यातून संस्थानाची सभा. मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंता आणि युवराज अप्पासाहेब पंत त्यामागे राबले. मार्च १९४८मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं आणि प्रयोग आवरला. नवी दिल्लीत खेड्याच्या पायावरची घटना हवी म्हणणारे सदस्य होते, पण आंबेडकरांचं खेड्याबद्दलचं मत किती कडवट होतं ते सर्वांना ठाऊक आहे, आणि दलित वस्तीतून पाहिलेलं खेडं तसंच दिसणार. पंचायती मार्गदर्शक तत्त्वांत गेल्या. त्यांना घटनेत खरी जागा मिळायला १९९३ उजाडलं.

या सगळ्याला पाकिस्तानचा ताळा लावून पाहावा. सुरुवात तीच, १९३५चा कायदा तोच. पण तिथे घटना समिती वर्षानुवर्षं रेंगाळली आणि गव्हर्नर जनरलचे अधिकार तसेच राहिले. २२ ऑगस्ट १९४७लाच वायव्य सरहद्द प्रांतातलं डॉ. खानसाहेबांचं मंत्रिमंडळ बरखास्त झालं. ऑक्टोबर १९५४मध्ये गव्हर्नर जनरल गुलाम महंमद यांनी घटना समितीच विसर्जित केली. १९५६ साली आलेली घटना अडीच वर्षांत लष्करी कायदा पुकारून गुंडाळली गेली. आपल्याकडे निर्णय वेळेत झाले, निवडणुका वेळेत झाल्या, म्हणून त्याच कायद्याचे अवशेष पोटात घेऊनही लोकशाही टिकली. पण अवशेष पोटातच राहिले.

२३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि आठ वाजायच्या सुमारास मुंबईत मुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकला. २६ नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाला दुसऱ्या दिवशी बहुमत चाचणी घ्या, असा आदेश द्यावा लागला. जून २०२२मध्ये राज्यपालांनी उद्धव ठाकरे सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने निकाल दिला, की राज्यपालांपुढे त्यासाठी पुरेसा आधार नव्हता आणि त्यांची ती कृती कायद्याला धरून नव्हती. मात्र ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने त्यांना पुन्हा पदावर बसवता येणार नाही. राज्यपालांना पदावर ठेवणारी ‘मर्जी’ आणि त्यांचा स्वविवेक ही दोन्ही कलमं १९४९मध्ये लिहिली तशीच आजही घटनेत आहेत.