वारा तोच, धावपट्टी वेगळी

विमानाला उचलतो तो पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग, जमिनीवरचा नाही. म्हणून टेकऑफ आणि लँडिंग शक्यतो वाऱ्याकडे तोंड करूनच करतात. समोरून वारा असला की तेवढा वेग फुकट मिळतो, धावपट्टी कमी लागते.

पण वारा नेमका समोरून क्वचितच येतो. मुंबईचंच बघा. मुख्य धावपट्टी 09/27, दुसरी 14/32. आकड्याला 10 ने गुणा, दिशा मिळेल: 27 म्हणजे 270 अंश, पश्चिमेकडे तोंड. समजा पावसाळ्यात 240 अंशांकडून 20 नॉटचा वारा येतोय. 27 शी कोन 30 अंश. कोसाइनने समोरचा घटक सुमारे 17 नॉट, साइनने आडवा 10. आता 32 घ्या. कोन 80 अंश, समोरून जेमतेम 3.5, आडवा जवळपास 20! त्यात धावपट्टी ओली असेल तर टायरची पकड घटते आणि आडव्या वाऱ्याची मर्यादा आणखी खाली येते.

म्हणून डेटात नुसता ‘वाऱ्याचा वेग’ दिसला तर आधी दिशा शोधा. आणि दिशांची थेट सरासरी काढू नका. 350 आणि 10 अंशांची सरासरी 180 येते, म्हणजे उत्तरेचा वारा चक्क दक्षिणेचा होतो. आधी घटक पाडा, मग सरासरी.