रेघेवरून मुद्दाम बाजूला

समुद्रावर अकरा किलोमीटर उंचीवर ना रस्ता, ना मैलाचा दगड. तरीही लंडनहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान आखलेल्या रेघेपासून सहसा शंभर-दोनशे मीटरसुद्धा ढळत नाही. ही रेघ बिंदूंना जोडून बनते. मालोट, लिम्री, डोगल ही आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अशा बिंदूंची नावं. पाच रोमन अक्षरांची, रेडिओवर चटकन उच्चारता येणारी. उड्डाणापूर्वी सगळे बिंदू विमानाच्या संगणकात क्रमानं भरले जातात.

पण आपण कुठे आहोत, हे विमानाला कळतं कसं? उपग्रह सांगतात, हे खरंच. मला मात्र थक्क करते ती विमानाच्या पोटातली दुसरी यंत्रणा, कारण ती बाहेर बघतच नाही! विमान गेटवर स्थिर उभं असताना तिचे लेसर जायरोस्कोप चक्क पृथ्वीचं फिरणं टिपतात आणि त्यावरून खरी उत्तर दिशा शोधतात. तेवढी काही मिनिटं विमान जराही हलवायचं नसतं. उडाल्यावर प्रत्येक वळणाचा आणि वेगातल्या प्रत्येक बदलाचा हिशेब ठेवत ती स्वतःचं ठिकाण काढत राहते. तासाभरात मैल-दोन मैलांची चूक साचू शकते. ती उपग्रहांच्या मदतीनं सुधारली जाते.

मग वारा. ताशी 850 किलोमीटर वेगानं जाणाऱ्या विमानाला बाजूनं ताशी 150 किलोमीटरचा वारा लागला, तर तासाभरात ते 150 किलोमीटर वाहवत जाईल. म्हणून ऑटोपायलट नाक सुमारे दहा अंश वाऱ्याकडे वळवून ठेवतो. विमान तिरकं, वाट सरळ. आत बसलेल्यांना पत्ताही नसतो.

हा नेमकेपणा इतका वाढला, की त्याचाच धोका निर्माण झाला. एकाच मार्गावर हजार फुटांच्या अंतरानं खालीवर उडणारी विमानं आता बरोबर एकमेकांच्या डोक्यावर येतात. एखाद्यानं चुकून उंची सोडली तर? पूर्वी विमानं आपोआप थोडी इकडेतिकडे विखुरलेली असत, आणि तो ढिसाळपणाच नकळत उपयोगी पडे. म्हणून आता महासागरावर वैमानिक मुद्दाम रेघेच्या उजवीकडे दोन सागरी मैलांपर्यंत सरकून उडतात. डावीकडे सरकायला मनाई आहे. समोरून येणारं विमानही त्याच्या उजवीकडेच सरकतं, त्यामुळे दोघांमधलं अंतर वाढतं.