दम लागतो, म्हणूनच चालायचं

भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात घरातल्या म्हाताऱ्याला दम लागू लागला की सगळे एकच सांगतात, "बाबा, तुम्ही बसा." यात माया आहे, पण त्या बसण्यानेच दम वाढतो.

या दुखण्यामागे बिडी असते, पण एकटी बिडीच नसते. 2009 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पीटर बार्न्स आणि पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या सीओपीडी या श्वासनळ्यांच्या जुनाट आजाराकडे लक्ष वेधलं. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, बरा होऊनही फुप्फुसावर व्रण ठेवून गेलेला क्षयरोग ही त्याची कारणं. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांचा खोकला मात्र आपण वयावर ढकलतो.

सीओपीडीत श्वासनळ्या अरुंद होतात. आत गेलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. घाईने चाललं की छाती जुन्या हवेनेच भरलेली राहते, नव्या श्वासाला जागा उरत नाही. माणूस घाबरून बसतो आणि मांड्यांचे स्नायू झडतात. अशक्त स्नायू लवकर थकतात, तेवढ्याच कामाला जास्त श्वास मागतात. मग अंगणातून परसात जातानाही धाप लागते.

व्यायामाने फुप्फुस पूर्ववत होत नाही. सुधारतात ते पाय, आणि फरक पडायला तेवढं पुरतं. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात अशा व्यायामाच्या 65 चाचण्या, सुमारे 3,800 रुग्ण होते. दम कमी झाला, चालणं वाढलं. पुरावा इतका भक्कम होता की, उपयोग होतो का हे तपासायला आणखी तशा चाचण्या नकोत, असं संपादकांनी लिहिलं.

आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. सहा मिनिटांत किती चालता येतं हेही तिथे मोजतात. मग ऊन वर आल्यावर, गावतलावाच्या पाळीवर, छोटं वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने चालावं. श्वास नाकाने घ्यावा, शीळ घालताना करतो तसे ओठ करून दुप्पट वेळ सोडावा. धाप लागली तर गुडघ्यांवर हात टेकून पुढे झुकावं, ओसरली की पुन्हा निघावं. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळसर पडले तर मात्र तिथेच थांबून दवाखाना गाठावा.

आठेक आठवड्यांत फरक जाणवतो. सोडलं तर काही महिन्यांत ओसरतो. म्हणून रोवणीच्या पावसातही पडवीत खुर्चीवरून उठबस चालू राहावी, आणि औषधाच्या पंपाची (इनहेलरची) वेळ चुकू नये.