बिबा : घरचे औषध आणि त्याची धग

वऱ्हाडातील जुन्या घरांच्या फडताळात बिबा हमखास सापडे. अकोल्याच्या आमच्या घरी खोकला हटेना की आजी बिब्याला दाभण टोचून तो दिव्यावर धरी आणि टपकलेला तेलाचा थेंब दुधात झेली. टाचेच्या भेगांनाही त्याचाच चटका. धोबी त्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करी. कापड विरले तरी खूण जात नसे. जो रस कापडाला सोडीत नाही तो कातडीला कसा सोडील, हे मला साठी उलटल्यावर उमगले.

गेल्या हिवाळ्यात गुडघा धरला. अमरावतीच्या इतवाऱ्यातून बिबे आणले आणि आजीच्या आठवणीवर विसंबून रस लावला. पहिला दिवस शांत गेला. दुसऱ्या रात्री खाज सुटली, तिसऱ्या दिवशी फोड आले, आणि तोच हात डोळ्यांना लागल्याने पापण्याही सुजल्या. यालाच आपल्याकडे बिबा उतणे म्हणतात. त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार पंधरा दिवस चालले. कर्जाचे कागद दोनदा वाचल्याखेरीज सही न करणाऱ्या माणसाने औषध मात्र विचारपूस न करता घेतले!

बिबा हा आंबा व काजू यांच्या कुळातला. काजूच्या टरफलातील तेलासारखाच याच्या कवचातील रस दाहक असतो. कैरीच्या चिकाने ज्यांचे ओठ उततात त्यांनी याला हातही लावू नये. आतली गोडंबी मात्र निराळी. नीट सोललेली असेल तर ती डिंकाच्या लाडवात आपण आवडीने खातोच.

आयुर्वेदात बिब्याला भल्लातक म्हणतात. चरकसंहितेने त्याला रसायनांत स्थान दिले, पण अग्नीसारखा तीक्ष्ण असेही बजावले. म्हणूनच वैद्य तो विटेच्या चुऱ्यात घासून, शोधन करूनच वापरतात. औषधे नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई (१) मधील विषारी द्रव्यांत त्याचे नाव आहे. त्यामुळे असे पोटात घ्यावयाचे औषध वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर असावी लागते. गर्भवती, लहान मुले व मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यावर घरगुती प्रयोग तर मुळीच करू नयेत.

रस अंगाला लागलाच तर साबणाने ताबडतोब धुवावे, फोड फोडू नयेत. डोळे सुजले किंवा श्वास लागला तर खोबरे-तीळ वाटत न बसता रुग्णालय गाठावे. बिबे चुलीतही टाकू नयेत, त्यांचा धूरही बाधतो. माझ्याकडे उरलेले बिबे परिचयाच्या वैद्यांनी नेले. गुडघ्यासाठी सध्या व्यायाम चालू आहे.